काचपट्टीचा वारस

देवळाली प्रवऱ्यात वाल्मिकरावांना आडनावानं हाक मारा, वळूनसुद्धा बघणार नाहीत. ‘पॅनमन’ म्हणा, जागेवर थांबतील. साखर कारखान्यात उकळत्या पाकातून दाणा पाडणारा माणूस म्हणजे पॅनमन. बाकीच्यांनी नुसतं लोखंड फिरवायचं, साखर करायची ती आपणच, असं त्यांचं ठाम मत. आणि ते मत ते फुकट वाटत फिरायचे.

विशीत ते कारखान्यात गेले कशासाठी? पोटापाण्यासाठी म्हणाल, तर घरी ऊस होता, विहीर होती. गेले खाकी ड्रेससाठी. भोंगा झाला की खाकी घालून सायकलवर निघालेली माणसं बघून हा गडी खुळावला होता. त्या खाकीचा गुणही आला. ‘कारखान्यात हाय’ एवढं ऐकल्यावर पुष्पावतीबाईंच्या वडिलांनी पुढचं काही न विचारता पोरगी देऊन टाकली.

पस्तिशीत कर्नाटकातल्या एका कारखान्याचं बोलावणं आलं. दीडपट पगार. वाल्मिकरावांनी बॅग भरली आणि पुष्पावतीबाईंनी एकेक कपडा काढून परत खुंटीला लावला. “हितं क्वार्टर हाय, पोरांची शाळा दारात हाय. तिकडं जाऊन काय पगार पांघरून झोपायचं?” विषय संपला. आता क्वार्टरच्या त्या दोन खोल्यांची आठवण निघाली की वाल्मिकराव सांगत सुटतात. मळीच्या वासात जेवायचं, भिंतीपलीकडून शेजाऱ्यानं कालवणाची वाटी द्यायची. लई चांगले दिवस होते, असं म्हणतात आणि चष्मा पुसत बसतात.

त्या दिवसांतली एकच वस्तू त्यांच्याजवळ उरली होती. शर्टाच्या खिशात मावेल एवढी काचेची पट्टी. तिच्यावर पाकाचा थेंब पसरायचा, उजेडाकडं धरायचा आणि दाणा वाचायचा. ती त्यांना त्यांच्या आधीचे पॅनमन सूर्यभानतात्यांनी दिली होती. तात्यांना त्यांच्या वस्तादानं. “ही टेबलावर ठिवून जायची नसती,” तात्या म्हणाले होते, “हातातनं हातात द्यायची.” आणि दिल्यावरही तात्या पुढचा अख्खा सीझन आपल्या खुशीनं येऊन मागं उभे राहायचे. तोंडातून अवाक्षर काढायचे नाहीत.

वाल्मिकराव साठीला निवृत्त झाले तेव्हा शाल मिळाली, नारळ मिळाला, भाषणं झाली. पट्टी मात्र कुणी मागितली नाही. नव्या पोरांपुढं स्क्रीन आली होती. दोन वर्षं ती त्यांच्या खिशात पडून होती, आणि आपल्याबरोबरच ही सरणावर जाणार, या विचारानं त्यांना झोप लागत नव्हती.

अशात काष्टीकडच्या एका नव्या खासगी कारखान्यातून रविराज नावाच्या मॅनेजरचा फोन आला. सल्लागार म्हणून या, गाडी पाठवतो. पुष्पावतीबाई म्हणाल्या, “आता पोरं आपापल्या वाटंला लागली. जायचं तर जा, पन खुर्चीला भुलून जाऊ नका.”

खुर्ची खरंच भुलण्यासारखी होती. एसी खोली, टेबलावर नावाची पाटी आधीच तयार. रविराजनं गेस्टहाऊसचं सांगितलं, गाडीचं सांगितलं, पगाराचंही सांगितलं. वाल्मिकराव नुसतं ‘व्हय, व्हय’ करत राहिले. मग म्हणाले, “पॅन बघू का?”

पॅनवर, म्हणजे पाक उकळायच्या मोठ्या भांड्यापाशी, रुपाली नावाची केमिस्ट स्क्रीनसमोर उभी होती. आकडे सगळे जागच्या जागी. वाल्मिकरावांना राहवलं नाही. त्यांनी पाक काढायला लावला, पट्टीवर पसरला, उजेडाला धरला.

“पोरी, बारीक खोटा दाणा धरलाय. पानी दे थोडं, विरघळू दे.”

जुनी माणसं अशी मधे बोलली की नवी तोंड वाकडं करतात. वाल्मिकरावांनी ते सगळं भोगलेलं. पण रुपालीनं आधी पाणी सोडलं आणि मग हात पुढं केला. “मला दाखवा ना काका. तुम्हाला काय दिसलं ते मलाही दिसायला पाहिजे.”

वाल्मिकराव त्या हाताकडं बघतच राहिले. दोन वर्षं वाट बघितली होती त्या हाताची. त्यांनी पट्टी तिच्या तळहातावर ठेवली, तिची बोटं मिटवली, आणि खाली येऊन रविराजला सांगितलं, “गाडी नको, एसी खोली नको, पाटीबी काढा. गेस्टहाऊसवर राहून एक सीझन येतो. फक्त माजी शिफ्ट त्या पोरीच्या शिफ्टला लावा.”

संध्याकाळी घरी शर्ट धुवायला घेताना पुष्पावतीबाईंनी सवयीनं खिसा चाचपला. रिकामा.

“पट्टी कुटं हाय?”

“दिली.”

त्यांनी शर्ट बादलीत बुडवला. मग म्हणाल्या, “मग आता तिथं जाऊन करनार काय?”

“तात्या करायचे ते,” वाल्मिकराव म्हणाले. “मागं उभा राहनार.”