तोंडात पाणी घालू नये

फोन दावलसाबचा होता. दावलसाब म्हणजे आमच्या कचेरीतला जुना शिपाई, माझ्यासारखाच आता निवृत्त. सकाळचे नऊ वाजले असतील. मी देवापुढं बसले होते, निरांजन हातात होतं आणि फोन बाहेरच्या खोलीत वाजून वाजून थांबला. परत वाजला. मी आरती अर्धी सोडली नाही. पूर्ण म्हटली, अक्षता टाकल्या, मग सावकाश उठून फोन घेतला. "अक्का, वसंतसर गेले... चहा पीत बसले होते म्हणे," एवढंच तो बोलला आणि लहान मुलासारखा रडायला लागला. गणपती बोळवून दोनच दिवस झाले होते, गल्लीत मांडवाचे बांबू अजून तसेच पडून होते. मी साडी बदलली, कपाटातून एक घडी घातलेला कागद काढला आणि पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवला. तो कागद सात वर्षं माझ्याकडं होता. वेळ आली की तो बाहेर काढायचा, एवढं एकच काम वसंतण्णांनी माझ्यावर सोपवलं होतं. ते माझ्या हातून झालं नाही. त्यांचे गुण गायला शोकसभेत पुष्कळ लोक होते, आणि त्यातले निम्मे जन्मभर त्यांना 'नास्तिक' म्हणून चिडवत आलेले. मला गुण गायचे नाहीत. मला जे झालं ते सांगायचं आहे.

सव्वीस वर्षं आम्ही हुबळीतल्या एका सरकारी कचेरीत समोरासमोरच्या टेबलांवर बसलो. ते दाखले देणारे कारकून, मी टायपिस्ट. वयानं चार वर्षांनी मोठे, पण मला अक्का म्हणायचे आणि मी त्यांना अण्णा. दोघांची घरची भाषा मराठी, कचेरीतली कन्नड. भांडण मात्र आम्ही मराठीतच करायचो, कारण साहेबाला कळू नये. भांडायला विषय एकच, देव. मी सोमवार करणारी, चतुर्थी करणारी, परीक्षेला जाणाऱ्या भाच्याच्या खिशात अंगारा घालणारी. ते मला कधी हसले नाहीत. उलट श्रावणात दुर्गदबैलच्या बाजारात जाऊन वहिनींसाठी कापूर, वाती, उदबत्त्या स्वतः निवडून आणायचे, आणि उदबत्तीचा वास नाकाला लावून बघायचे. मी एकदा टोचून विचारलं, "तुमचा देव नाही ना? मग हे कशाला?" तर म्हणाले, "माझा नाही, तिचा आहे की. आणि घर तिचंही आहे." घर आणि कचेरी यांच्यात त्यांनी जी रेघ ओढली होती ती इतकी साधी होती, की आम्हा शहाण्यांना ती कधी दिसलीच नाही.

ती रेघ कुठून आली ते मला माहीत आहे, मी तिथंच बसले होते. आमच्याकडं खंडेनवमीला सुट्टी असते, म्हणून कचेरीतली आयुधपूजा आदल्या दिवशी. सकाळपासून टेबलं पुसायची, टाइपरायटरना, कपाटांना, जीपला हार घालायचे, सगळ्यांवर कुंकवाची बोटं ओढायची, दारात कुंकू भरलेला कोहळा फोडायचा, मग चिरमुरे आणि पेढे. कामाचं नाव नाही. त्या वर्षी अळणावरजवळच्या एका खेड्यातून एक बाई आली होती. पहाटेच्या गाडीनं आली असावी, पायात चप्पल नव्हती. सुट्टी संपल्या दिवशी सकाळीच मुलाची मुलाखत, आणि दाखला पाहिजे. कुणीतरी तिला सांगितलं, "आज पूजा हाय, सुट्टी झाल्यावर ये." ती कन्नडमध्ये एकच वाक्य परत परत म्हणत होती, की सही तेवढी राहिलीय. दाखला तयार होता, वसंतण्णांच्याच टेबलात. पण टेबलावर हार, ड्रॉवरवर कुंकू, समोर समई, आणि पूजा झालेलं टेबल त्या दिवशी उघडायचं नाही असा रिवाज. वसंतण्णाही उघडायला उठले नाहीत. सगळे उभे होते, तेही उभे राहिले. बाई चिरमुऱ्यांची पुडी घेऊन गेली. तिच्या मुलाचं पुढं काय झालं ते आम्हाला कधीच कळलं नाही... आणि मला वाटतं, त्यांना आयुष्यभर खात राहिलं ते हेच, की कळलं नाही.

पुढच्या वर्षी पूजेच्या दिवशी मी कचेरीत शिरले तर त्यांचं टेबल जागेवर नाही. व्हरांड्यात, पायऱ्यांजवळ, खुर्चीसकट मांडलेलं, आणि समोर माणसांची रांग. आत घंटा वाजत होती आणि बाहेर हे शिक्के मारत होते. साहेब बाहेर आले. "देवालासुद्धा तुमची हरकत?" वसंतण्णा उभे राहून अगदी शांतपणे म्हणाले, "देवाला नाही साहेब. टेबल सरकारचं आहे, एवढंच. तुमच्या घरी करा, मी पेढे खायला येतो." मग त्यांनी दावलसाबकडं बोट केलं. तो स्टुलावर चढून दारावर तोरण बांधत होता. दरवर्षी कोहळाही त्यालाच फोडायला लागायचा, शिपाई म्हणून. "ह्याला कुणी विचारलं का, करणार काय म्हणून?" दावलसाब स्टुलावरूनच घाबरून म्हणाला, "वसंतसर... कशाला उगीच. मला नोकरी करायची हाय." सगळे हसले. मीही हसले. पूजा झाल्यावर वसंतण्णांनी चिरमुरे मात्र मागून घेतले आणि म्हणाले, चिरमुऱ्यांचा काय दोष.

दर वर्षी हेच. त्यांनी वरच्या कार्यालयाला अर्जही केले, की सरकारी कचेरीच्या भिंतीवर कुठल्याच देवाचा फोटो नको. दार उघडून येणाऱ्याला आधी माणूस दिसला पाहिजे, माणसाचा देव नव्हे. अर्ज टाइप करायला मी नकार दिला, म्हणून त्यांनी हातानं लिहिले. एकदा दुसऱ्या धर्माचे दोघे सहकारी खूश होऊन आले, आमचाही एक फोटो लावू या की मग, सारखं होईल. त्यांच्यावरही हे उखडले. "एकाचं काढा म्हटलो मी, दुसऱ्याचं लावा नाही म्हटलो." झालं, दोन्हीकडचे शत्रू. बदली अळणावरला. दोन वर्षं रेल्वेनं ये-जा केली, डबा वहिनींचा, त्यावर गुंडाळलेला रुमाल मी ओळखत होते. परत आले तेव्हा केस पांढरे झाले होते. आल्या आल्या विचारलं काय, तर "माझं टेबल कुठं आहे?" त्या टेबलावर मधल्या दोन वर्षांत कुंकवाची बोटं उठली होती. त्यांनी रॉकेलच्या बोळ्यानं दोन दिवस घासून ती काढली. आम्ही सगळे बघत होतो आणि कुजबुजत होतो. मी घरी येऊन देवाची क्षमा मागितली, त्यांच्या वतीनं. असली मैत्रीण मी!

निवृत्त झाल्यावर ते एकदा विद्यानगरातल्या माझ्या घरी आले, हातात एक मसुदा. टाइप करून पाहिजे होता. मी म्हटलं, कचेरीत अजून आपली माणसं आहेत, तिथं दोन मिनिटांत होईल. "सरकारी मशीन, सरकारी कागद. खासगी काम आहे हे अक्का." शेवटी माझं शिकवणीच्या काळातलं जुनं मशीन माळ्यावरून काढलं, रिबन सुकलेली, तिला तेल लावलं आणि मी टाइप करायला बसले. पहिलंच वाक्य, 'मी मेल्यावर माझ्या तोंडात पाणी घालू नये.' पुढं, देह इथल्या मेडिकल कॉलेजला द्यावा, दिवस घालू नयेत, कावळ्याला बोलावू नये. कॉलेजचा फॉर्मही भरलेला होता, साक्षीदार म्हणून माझी सही. मी हात थांबवला. "पाणी तरी घालू दे की ओ. पाणीच ते." तर हसून म्हणाले, "जिवंत असेन तर चहा घाला. मेल्यावर कशाला पाणी?" मी विचारलं, हे माझ्याकडं का, मुलाकडं का नाही? म्हणाले, "मुलगा पुण्यात. त्याला फोन जाईल आणि तो येईल, तोवर भावकी सगळं उरकेल. भावकीसमोर कागद ठेवायला धीट माणूस लागतं. तुम्ही देव मानता, म्हणून तुमचं ऐकतील." त्यांचा हिशेब बरोबर होता. चूक एवढीच, की त्यांनी मला धीट समजलं.

मी पोचले तेव्हा घर भरलं होतं. त्यांना खाली, घोंगडीवर ठेवलं होतं. कपाळाला बुक्का लावलेला. ज्या माणसानं टेबलाला कुंकू लागू दिलं नाही, त्याच्या कपाळाला. दावलसाब बाहेर चपलांजवळ उभा होता, आत येत नव्हता. वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. मुलगा समोरच होता, गणपतीसाठी म्हणून आलेला, अजून परत गेलाच नव्हता. म्हणजे तोही घरात होता... हे अण्णांच्या हिशेबात नव्हतं. मला बघून तो उठला, कोपऱ्यात घेऊन गेला आणि हळूच म्हणाला, "अक्का, अप्पांनी तुम्हाला काय सांगून ठेवलं होतं काय? देह द्यायचं वगैरे? मला एकदा बोलले होते, पण कागद सापडेना."

त्यानं सरळ विचारलं होतं. पर्स माझ्या काखेत होती. चेन ओढायची, कागद द्यायचा. पण त्याच्या पाठीमागं त्याचे दोन काका उभे होते, दारात शेजारच्या बायका, आणि सगळ्यांची नजर माझ्याकडं. मला एवढंच सुचलं, की लोक विचारतील, बायकोला सोडून ह्या बाईकडं कागद कसा? साठी उलटलेली मी, आणि मला त्या क्षणी माझ्या अब्रूची काळजी. आणखी एक गोष्ट होती आणि तीही लपवणार नाही. मला आतून वाटलं, जाऊ दे, शेवटचं तरी नीट होऊ दे, ह्यांच्या जिवाला गती मिळू दे. माझा देव मी त्यांच्या प्रेतावर लादला. मी म्हणाले, "नाही बाळ. मला काही बोलले नाहीत."

मग थोरल्या काकांनी तांब्याचा गडू उघडला. गंगेचं पाणी. एकेकानं यायचं, तुळशीच्या पानानं दोन थेंब घालायचे. माझी पाळी आली. सून म्हणाली, "घाला अक्का, तुम्ही घरच्याच की." आणि मी घातलं. हात आपोआप पुढं गेला, जसा तो चाळीस वर्षं देवापुढं जातो तसा. पाणी तोंडात राहिलं नाही, ओठाच्या कोपऱ्यातून हनुवटीवर आलं. मी ते पदरानं पुसलं.

तेराव्या दिवसानंतर मला राहवेना. मी कागद घेऊन गेले. वाटलं होतं, मुलगा म्हणेल, असू द्या अक्का, तुम्ही तरी काय करणार, भावकीनं ऐकलं नसतंच. ते ऐकायलाच मी गेले होते, खरं सांगायचं तर. त्यानं कागद उभ्यानं वाचला, दोनदा वाचला. वहिनींना वाचून दाखवला. वहिनी म्हणाल्या, "मला माहीत होतं. मी वाट बघालते, कोण तरी काढेल म्हणून." मुलाचा आवाज चढला नाही. "मी तुम्हालाच विचारलो होतो की अक्का. तोंडावर विचारलो होतो. काकांना मी बघून घेतलो असतो. कागद तेवढा पाहिजे होता मला." त्यानं कागद घडी करून माझ्या हातात परत दिला. "आता आम्हाला कशाला? तुमच्याकडंच ठेवा." वहिनींनी चहा विचारला नाही, आणि त्या घरात असं पहिल्यांदाच झालं.

मागच्या आठवड्यात, खंडेनवमीच्या आदल्या दिवशी, कचेरीतून बोलावणं आलं. निवृत्त लोकांना दरवर्षी बोलावतात. मी गेले. भिंतीवर देवांच्या ओळीत वसंतण्णांचा फोटो लावलेला, त्यालाही हार. त्यांच्या अर्जांच्या फायली ज्या कपाटात पडल्या असतील त्याच कपाटाला झेंडूची माळ. कोहळा फोडायला नवा शिपाई होता, त्यालाही कुणी विचारलं नसणार. अण्णांचं टेबल, ते निवृत्त झाल्यापासून अडगळीत पडलेलं, यंदा बाहेर काढून कोपऱ्यात ठेवलेलं, वर प्रिंटर. लाकूड स्वच्छ, एकही बोट नाही. शेजारच्या टेबलांच्या सांध्यांत मात्र जुनं कुंकू काळं होऊन बसलेलं. एक नवी मुलगी, असेल पंचविशीची, कुंकवाचं ताट घेऊन टेबलामागून टेबल करत आली. अण्णांच्या टेबलापाशी, माझ्याजवळ थांबली आणि ताट पुढं केलं. "अक्का, तुम्ही मोठ्या. ह्याला तुम्हीच लावा."

माझा हात उचलला गेला होता. मी तो मागं घेतला.

"नको," मी म्हणाले. "ह्या टेबलाला नको. ज्यांचं होतं त्यांना चालत नव्हतं."

मला वाटलं, आता साहेब येतील, लोक जमतील, कुणीतरी काहीतरी बोलेल. पर्समधल्या कागदावर मी हात घट्ट धरला. मुलीनं क्षणभर टेबलाकडं बघितलं. मग "बरं अक्का" म्हणाली आणि ताट घेऊन पुढच्या टेबलाकडं गेली.