निम्मं माप

मापसाहेब एकतीस वर्षं वजनमाप निरीक्षक होते. दुकानात शिरले की आधी पारड्याखालून बोट फिरवायचे, मग नमस्कार घ्यायचे. निवृत्त झाले तरी ती खोड गेली नाही. त्यामुळे मुलीने पत्रव्यवहारासाठी कॉम्प्युटर बसवून दिला आणि फोनवरून इंटरनेट जोडताना पहिल्याच दिवशी पडद्यावर वेगाचा आकडा उमटला, तेव्हा त्यांचे डोळे बारीक झाले. कॉम्प्युटर फोनच्या तारेला जोडणाऱ्या मॉडेमच्या खोक्यावर छप्पन छापलं होतं. पडद्यावर अठ्ठावीस.

"निम्मं," ते बायकोला म्हणाले. "सरळसरळ निम्मं माप!"

मॉडेम विकणारा दुकानदार म्हणाला, "काका, मॉडेम चांगलाय. तुमच्या लाइनचा दोष असेल."

"असं प्रत्येक दुकानदार म्हणतो. तराजू चांगला, जमीन वाकडी."

कटकट नको म्हणून त्याने दुसऱ्या कंपनीचा मॉडेम वापरून बघायला दिला. साहेबांनी दोन्ही आलटूनपालटून लावले. सकाळी, दुपारी, संध्याकाळी. आकडे वहीत उतरवले. पहिला अठ्ठावीस, कधी सव्वीस. दुसरा एकतीसपर्यंत चढायचा, पण मधेच तुटायचा. दोन्ही कंपन्यांचं संगनमत असावं, असं त्यांना वाटलं. मग दोन्ही मॉडेम पिशवीत घालून ते दोन गल्ल्यांपलीकडे थोरल्या बहिणीकडे गेले. तिने स्वतःच आपल्या कॉम्प्युटरची तार सोडवून दिली. तिथे पहिल्याने शेहेचाळीस दाखवले, दुसऱ्याने पंचेचाळीस.

म्हणजे दुकानदार सुटला. आता पाळी टेलिफोन कचेरीच्या लाइनमनची.

समोर नुकताच दातांचा दवाखाना झाला होता. लाइनमनने आपली चांगली तार तिकडे दिली आणि आपल्या गळ्यात भलतीच मारली, अशी साहेबांची खात्रीच पटली. तसं त्यांनी टेलिफोन कचेरीत लेखी दिलं.

तिसऱ्या दिवशी लाइनमन दारात उभा. चहाला नको म्हणाला. बाहेरच्या भिंतीवरची डबी उघडून त्याने आपला फोन चिमट्याने लावला आणि साहेबांच्या कानाशी धरला. "ऐका. जरा तरी खरखर आहे?"

नव्हती. घरात मात्र रिसीव्हर उचलला की चणे भाजल्यासारखा आवाज.

"मी यायच्या आधी बाहेर काहीतरी बदललं असणार तुम्ही," साहेब म्हणाले.

 लाइनमन डबी बंद करून निघून गेला.

बायको दारातून सगळं ऐकत होती. ती आत येऊन म्हणाली, "अहो, बाहेर स्वच्छ आणि आत खरखर, तर चोर आतच असणार ना? स्वयंपाकघरातल्या फोनची तार तुम्हीच ओढली होती."

 तो दुसरा फोन साहेबांनी टेलिफोन कचेरीची परवानगी न घेताच जोडला होता. स्वयंपाकघरातलं कपाट सरकवलं तर मागे त्यांच्याच हातचा सांधा: टेप सुटलेला, तांबं हिरवं पडलेलं. आयुष्यभर ज्यांनी बेकायदा वजनं जप्त केली, त्यांच्याच घरात हे. कपाट परत लावून टाकावं, असं क्षणभर मनात आलं. बायको हाताची घडी घालून उभी होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी लाइनमनला बोलावून घेतलं आणि कपाटामागे नेलं. तो त्या सांध्याकडे बघत राहिला, मग साहेबांकडे. "हे मला का दाखवताय? नवीन तक्रार?"

"नाही. हे माझं काम आहे. तुमचा काही दोष नव्हता."

तरीही त्याने आधी खिडकीतून बाहेर कुणी साक्षीदार उभा आहे का ते पाहिलं. मग तो तुकडा कापला आणि तार थेट जोडून दिली. साहेबांनी मॉडेम लावला. चव्वेचाळीस.

त्यांनी तक्रार मागे घेत असल्याचा अर्ज लिहून ठेवला होता. लाइनमनने तो उभ्याउभ्या दोनदा वाचला.

"गैरसमजातून तक्रार केली, असं लिहिलंय," तो म्हणाला. "कुणाच्या गैरसमजातून, ते लिहिलं नाही."

साहेबांचे कान लाल झाले. त्यांनी पेन काढलं, त्या शब्दाआधी 'माझ्या' घातलं आणि बाजूला सही केली.

"तारीख?" लाइनमन म्हणाला.

त्यांनी तारीखही घातली.