अकोल्याच्या घरचा पासवर्ड

मी अमरावतीले राहतो. आई-बाबा, दादा अन् वहिनी अकोल्याले. तिकडं कोणाचा मोबाईल अडकला, टीव्हीवर चॅनेल दिसेना, की फोन मलेच येते. मी काही इंजिनिअर नाही. लग्नात, गॅदरिंगमध्ये लोकांच्या आवाजाच्या नकला करतो, अन् दिवसा मोबाईलच्या दुकानात कव्हरं विकतो. पण आमच्या घरच्यांच्या मते कव्हर विकणारा अन् सॅटेलाईट सोडणारा एकच.

त्या शनिवारी दादाचा फोन आला. तो ट्रेनिंगसाठी नागपूरले गेला होता.

"आजच्या आज घरी जाय बे. तुई वहिनी बॅग भरून राहिली."

"भांडण झालं का?"

"भांडण झालं असतं तर मिटवता तरी आलं असतं. बाबा तिले वायफायचा पासवर्ड देऊन नाई राहिले."

वहिनी पुण्याची. नोकरी पुण्याची, नवरा अकोल्याचा. लग्नानंतर तिनं ऑफिसले खूप सांगून-समजावून घरून काम करायचं कबूल करून घेतलं होतं. पण ऑफिसची एक अट होती. सोमवारी सकाळी व्हिडिओवर बोलायचं, तिकडचं नेट धड चालते का ते पाहायचं, मग ठरवायचं. चाललं तर अकोला. नाही चाललं तर ती पुण्याले अन् दादा इकडं एकटा. तिच्यासाठीच घरात नवीन कनेक्शन घेतलं, राउटर बसवला, अन् त्याचाच पासवर्ड तिले मिळत नव्हता.

बडनेऱ्याहून गाडी पकडली. रस्ताभर मले बाबाचं कोडं सुटेना. एसटीत कंडक्टर म्हणून रिटायर झालेला माणूस. शेजाऱ्याले घराची किल्ली देऊन गावाले जाणारा. तो सुनेपासून पासवर्ड लपवीन?

घरी गेलो तर आईनं दारातच सांगितलं, "नेटवाला आला तं तुया बाबानं त्याले भिंतीकडं तोंड करून उभं केलं. म्हणे पासवर्ड मी टाकीन, तू पाहू नोको. आपला फोन जोडला, टीव्ही जोडला, झालं."

वहिनी मागच्या खोलीत होती. खिडकीच्या गजाले मोबाईल टेकवून रेंज शोधत होती. बॅग खरंच अर्धी भरली होती.

"भाऊजी, मी दोन-तीनदा विचारलं," ती म्हणाली. आवाज अगदी शांत. "पहिल्यांदा बाबा म्हणाले, कुणाला सांगू नकोस. मी म्हटलं, नाही सांगणार. मग मी थांबले. तेही थांबले. मग म्हणाले, झालं ना? आणि टीव्ही लावला. संध्याकाळी परत विचारलं तर चिडले. एकदा सांगितलेलं समजत नाही का, म्हणाले."

चार्जरची वायर गुंडाळत गुंडाळत ती पुढं बोलली, "मी या घरात अजून पाहुणीच आहे, हे मला चालेल. पण तसं सरळ सांगावं ना."

मी अंगणात गेलो. बाबा कढीपत्त्याले पाणी देऊन राहिले होते.

"बाबा, वायफायचा पासवर्ड काय हाय?"

बाबानं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. हळूच म्हणे, "कोणाले सांगू नोको."

"नाई सांगत."

"हाव."

"मंग?"

"मंग काय?"

"पासवर्ड."

"कोणाले सांगू नोको!"

"अवो बाबा, नाई सांगत म्हटलं ना!"

"मंग टाक ना जाऊन! मले काहून पिडून राहिला?"

मी म्हटलं, तुमचा फोन द्या, त्याच्यातून स्कॅन करून घेतो. तर बाबा लालेलाल झाले. "फोन कायले पायजे? तोंडानं सांगतलेलं पुरत नाई का तुमाले? गाडीभर लोकाइले मी तोंडानं समजावलं. अन् घरातल्या दोघाइले समजत नाई!"

तसाच आत आलो. माझं काही अडलं की मी नक्कल करतो. ती काही युक्ती नाही, सवय आहे, कोणी नखं खाते तशी. वहिनीसमोर लोखंडी पेटीवर बसलो, मान खांद्यात घातली, डावीकडं पाहिलं, उजवीकडं पाहिलं, अन् बाबाचा घसा काढला, "कोणाले सांगू नोको."

तिनं हसावं म्हणून केलं होतं. ती हसली नाही. वायर हातात तशीच धरून माझ्याकडं पाहत राहिली.

"परत म्हणा."

"कोणाले सांगू नोको."

"नोको? नकोस नाही?"

"बाबा काहून म्हणतीन नकोस?"

तिनं बॅगेतून लॅपटॉप ओढून काढला. इंग्रजी अक्षरात, मध्ये जागा न सोडता, तेच वाक्य भराभरा टाइप केलं. चुकीचा पासवर्ड. माझं तोंड पडलं. पण टाइप करताना तिच्या बोटांकडं माझं लक्ष होतं.

"वहिनी, तुम्ही नको लिहिलं. नोको लिहा. ओ टाका, ओ."

तिनं परत टाकलं. गोल फिरलं, फिरलं, अन् लागलं.

ती इतकी हसली की आई हातात उलथनं घेऊन आली, "काय झालं वं? काय झालं?"

वहिनीनं बाहेर जाऊन बाबाले सांगितलं, "बाबा, लागलं."

"लागलंच पायजे," बाबा म्हणाले. "परवाच सांगतलं होतं तुले."

त्या संध्याकाळी मी बराच वेळ हाच विचार करत होतो. वहिनीनं ऐकण्यात चूक केली नव्हती. बाबाची भाषा कानात शिरता शिरताच तिच्याकडं नीटनेटकी होऊन जायची, अन् मले सांगतानाही तिनं ती तशीच इस्त्री करून सांगितली. ते ठीक. पण मी तर बाबाच्या तोंडून थेट ऐकलं होतं. मले का कळू नये?

शाळेत 'मले' म्हटलं की बाई म्हणायच्या, 'मला' म्हण. तेव्हापासून डोक्यात बसलं, तोंडात असते ते एक, अन् चौकटीत भरायचं ते दुसरं. पासवर्डच्या चौकटीत जन्मतारीख जाते, इंग्रजी शब्द जाते. आपलं घरचं बोलणंही तिथं जाऊ शकते, हे माझ्या मनातच आलं नाही. बाबाले ती अडचण नव्हती. पासवर्ड टाकताना जे तोंडात होतं, तेच टाकलं. अन् मी, बाबाची नक्कल करून टाळ्या घेणारा, बाबा कसे बोलतात तेच इतकी वर्षं ऐकत होतो. काय बोलतात, ते ऐकायचं राहून जात होतं.

वहिनीले ते एका बैठकीत ऐकू आलं, कारण तिचं सगळं त्याच्यावर होतं.

सोमवारी मी मुद्दाम थांबलो. मागच्या खोलीत वायफायची एकच दांडी येत होती, म्हणून वहिनी हॉलमध्येच दिवाणावर बसली. आईले स्वयंपाकघरात कोंडलं, कुकर बंद. बाबा स्वतःहून फाटकाशी जाऊन उभे राहिले, मीही त्यांच्यामागं गेलो. भाजीवाला ओरडत आला तर त्याच्या अंगावर गेले, "हयू बोल बे! आत मीटिंग चालू हाय."

"कोनाची मीटिंग, काका?"

"आमच्या सुनेची. पुण्यासंगं."

भाजीवाल्यानं गाडी न ओरडता चौकापर्यंत ढकलत नेली.

बऱ्याच वेळानं दार उघडलं. वहिनी उंबऱ्यात उभी. "तीन महिने बघू म्हणाले. नेट असंच राहिलं तर पुढंही इथूनच."

मी बाबाकडं पाहिलं. वाटलं, आता काही मोठं बोलतीन. बाबानं मान हलवली, चपला काढल्या, अन् आत जाता जाता मले म्हणाले, "त्या नेटवाल्याले फोन लाव. वायर मांगच्या खोलीत घेऊन जाय म्हण."

"काहून? इथं तं बरी हाय."

"तो राउटरचा डब्बा तिच्या खोलीत पायजे. तिले रोजचं हाय ते," बाबा म्हणाले. "अन् हॉलमंदी मले टीव्ही पाहा लागते."