सुमनसाठी थांबलेला रस्ता

काल शेजारच्या सुमनला नेलं. तिरडी आमच्या गल्लीतून मोठ्या रस्त्यावर आली आणि दोन्हीकडच्या गाड्या आपोआप थांबल्या. बसवाल्याने हॉर्नसुद्धा वाजवला नाही. एका मोटारसायकलवाल्याने हेल्मेट काढून नमस्कार केला.

याच रस्त्यावर ओलांडायला पांढरे पट्टे मारा म्हणून सुमन दोन वर्षं अर्ज करत होती. गल्लीतल्या सह्या तिनेच गोळा केल्या. नगरपालिकेतले साहेब म्हणाले, "आजी, जागा बघून सांगतो." अजून बघतायत. ती रोज हात पुढे करून दुधाला निघायची. रिक्षावाले ओरडायचे, "म्हातारे, घरी कोणी नाही का?" ही म्हणायची, "तुझी आई काय उडत जाते बाजारात?" गेली ती तापाने, गाडीखाली नाही. तेवढं बरं झालं.

जिवंत होती तोवर तिच्यासाठी कोणी ब्रेक दाबला नाही. माणसं वाईट म्हणावीत, तर काल सगळी थांबली होती. कुणाला बोलणार?

मलाही पलीकडून बीपीच्या गोळ्या आणायच्या होत्या. कालपासून संपल्यात. रस्ता थांबला होता तेव्हा मी हात जोडून उभी राहिले. हात खाली केले, तोवर गाड्या सुरू झाल्या होत्या.