देणारा धन कसा गं?

बेडपॅन धुण्यात आमच्या रुग्णालयात माझा हात कुणी धरणार नाही, पण नोकरीत कायम व्हायचं तर दहावी पास हवी. वयाच्या अटीमुळे यंदाची संधी शेवटची. बाकीचे विषय कसेबसे निघाले होते, विज्ञान तेवढं मानगुटीवर बसलं होतं. मुलगा म्हणाला, "आई, बाई घरातच आहेत की." बाई म्हणजे माझी सून. शाळेत विज्ञान शिकवते. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात. यातलं गाढव कोण, ते मला लवकरच कळलं.

शिकवणी ओट्याशी सुरू झाली. मी भांडी घासायची, ती पुसता पुसता शिकवायची.

"सोडियम धातू. त्याच्या बाहेरच्या कक्षेत एकच इलेक्ट्रॉन. क्लोरीन अधातू, त्याला एक कमी पडतो. सोडियम देतो, क्लोरीन घेतो."

"म्हणजे सोडियम ऋण, क्लोरीन धन," मी ठोकून दिलं.

"उलट, आई. देणारा धन."

"काहीतरीच काय! दिलं त्याचं गेलं, घेतलं त्याचं वाढलं. देणारा धन कसा गं?"

तिने पुन्हा सांगितलं, पालथ्या घड्यावर पाणी. वर मीच आवाज चढवला, "तुलाच नीट येत नसेल!" ती पुढचं ताट पुसायला लागली. आमची बहुतेक भांडणं अशीच संपतात. चुकते मी, गप्प बसते ती.

ताट ठेवून म्हणाली, "आई, इलेक्ट्रॉन स्वतःच ऋण असतो. ऋण देऊन टाकलं की उरतो तो धन. घेतो तो ऋण. मग दोघं एकमेकांना ओढतात, घट्ट बसतात. तेच मीठ."

"म्हणजे आपली कटकट दुसऱ्याच्या गळ्यात मारून मोकळं व्हायचं?"

"साधारण तसंच."

हात्तिच्या! हे तर मी जन्मभर करत आलेय. नवऱ्याला विचारा.

परीक्षेत तोच प्रश्न आला. मी इतकं लिहिलं, की पर्यवेक्षिका वाकून बघून गेली.

निकाल सुनेने तिच्या मोबाइलवर पाहिला. "पास!" असं ओरडून तिने मला मिठीच मारली. आता मी कायम होणार! आनंदाच्या भरात मी पहिल्यांदाच तिच्या नोकरीची चौकशी केली. तिची नेमणूक दरवर्षी नव्याने होते, एवढं ऐकून होते.

"तुझं कधी गं कायम होणार?"

"कुठलं, आई? शाळेतलं की घरातलं?"

हसत म्हणाली, पण माझ्याकडे न बघता. लग्नाला चार वर्षं झाली तरी येणाऱ्याजाणाऱ्याला मी 'ही आमची नवी' असंच सांगायची.

"घरातलं झालं, असं समज," मी कशीबशी म्हणाले.

"समज नको, आई. नीट सांगा."

मग मी तिचा हात धरून नीट सांगितलं.