मशीनच्या डोळ्याला कुंकू

दसऱ्याला आमच्या कारखान्यात घरच्या माणसांना आत सोडतात. एरवी गेटवरचा वॉचमन माझ्याही पिशवीत हात घालतो, पण त्या दिवशी बायका-पोरं नटून येतात, लेथ मशीनला झेंडूची माळ चढते, फोर्कलिफ्टच्या चाकाखाली लिंबू ठेवलं जातं आणि कँटीनसमोर पेढ्यांची रांग लागते. त्या वर्षी मी आईला सिल्लोडच्या पलीकडच्या आमच्या गावाहून मुद्दाम बोलावून घेतलं होतं. तिला माझी मशीन दाखवायची होती.

मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. ही गोष्ट मी लपवत नाही आणि हळू आवाजातही सांगत नाही. पण इंजिनिअर म्हणजे काय, हे आईला माझ्या डिग्रीच्या कागदावरून कधी कळलं नाही. ते कळलं ट्रॅक्टरच्या सीटवरून. वडील लोकांची रानं नांगरायला ट्रॅक्टर घेऊन जायचे आणि संध्याकाळी कंबर धरून उतरायचे. नोकरी लागल्यावर मी त्या सीटखाली स्कूटरचे दोन जुने शॉकअॅब्सॉर्बर आणि जाड रबर बसवलं. आई स्वतः वर चढून बसली, वडिलांना ढेकळांतून एक चक्कर मारायला लावली आणि उतरून म्हणाली, "व्हय, आता शिकला म्हणायचं."

मग माझं डोकं जास्तच चाललं. ट्रॉली मागे घेताना कुणी आडवं आलं तर भोंगा वाजेल, असं यंत्र मी बनवलं. ते माणसाला वाजायचं तसंच शेळीला वाजायचं, कोंबडीलाही वाजायचं. दोन दिवसांनी आईने त्याची वायर उपटून टाकली. मी चिडलो. ती म्हणाली, "सारखंच वरडतंय. खरंच कुणी आलं तरी आता कोण बघणार?"

आमचा कारखाना चितेगावला, पैठण रस्त्यावर. तिथं ब्रेकचे पिस्टन बनतात. पिस्टन म्हणजे अंगठ्याएवढा पोलादी दट्ट्या. त्याला गोल खाच असते आणि त्या खाचेत रबराची कडी बसते. खाचेत केसाएवढी चीर राहिली तर तिथून ब्रेकचं ऑइल झिरपत राहतं, आणि एक दिवस माणूस पाय दाबतो तेव्हा गाडी थांबत नाही. हे पिस्टन आमच्याकडे माणसं दिव्याखाली धरून तपासायची. सकाळी डोळे ताजे असायचे, दुपारनंतर तेच डोळे चीर सोडायचे. म्हणून मी मशीन बनवली. लोखंडी टोपाखाली लाल दिवा, त्याच्या मधोमध कॅमेरा, कॅमेऱ्यासमोर काच. पिस्टन खालून सरकत जायचा. चांगला हिरव्या क्रेटमध्ये, खराब लालमध्ये. आणि नियम एकच ठेवला होता: शंका आली की लाल.

या नियमावरून मॅनेजर साहेबांशी माझी रोज वादावादी चालायची. ते म्हणायचे, "शंका आली तर सोडून दे ना. लाइन थांबली तर माल कोण देणार, तू?" शेवटी त्यांनी एवढंच सांगितलं होतं, की दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पुण्याहून गाडीवाल्या कंपनीच्या क्वालिटीच्या मॅडम येतायत. त्यांनी मशीन पास केली तर ठीक, नाहीतर ती भंगारात जाईल आणि बाहेरून तयार मशीन येईल.

दसऱ्याला आई मशीनसमोर उभी राहिली. पदर खोचला, हातात हळदी-कुंकवाचं ताट.

"ही बघती कशानं?"

"हा टोप आहे ना, त्याच्या आत तिचा डोळा आहे. ह्याच्या नजरेतून चीर सुटली तर थेट कुणाच्या तरी गाडीत जाते."

तेवढ्यात फोटोसाठी मला कुणीतरी हाक मारली. मी गेलो.

दुसऱ्या दिवशी मॅडम आल्या. चष्मा, खांद्याला बॅग, बोलणं मोजकं. टेबलावर आम्ही तपासून ठेवलेले चांगले पिस्टन होते. मी पहिला सोडला. लाल. दुसरा सोडला. लाल. तिसराही लाल. चौथा मी आधी हातात घेऊन उजेडात निरखला, स्वच्छ होता, मग सोडला. लाल क्रेटमध्ये टणकन पडला.

मशीनवरचा ऑपरेटर माझ्या वयाचा, तोंडाचा फटकळ. तो हळूच म्हणाला, "साहेब, काल तिला पेढा दिला नाय वाटतं. रुसली."

मला हसू आलं नाही. स्क्रीनवर पिस्टन दिसत होता, पण पातळ ताकातून बघितल्यासारखा. मी लाल दिवा वाढवला. आणखी धुरकट झालं. दिवा कमी केला, प्रोग्रॅम बंद करून पुन्हा चालू केला, कॅमेऱ्याची वायर काढून लावली. मॅडम मागे उभ्या राहून बघत होत्या. काच पुसावी हे डोक्यातच आलं नाही, कारण पूजेच्या आदल्या दिवशी ती मी टोप उघडून माझ्या हाताने पुसली होती, आणि टोपाचं तोंड इतकं अरुंद की आत कुणी हात घालेल असं वाटलंच नव्हतं.

"मी तोवर दुसरी लाइन बघून येते," मॅडम म्हणाल्या आणि गेल्या.

मॅनेजर साहेबांनी मला खांबाआड घेतलं. "चावी कुठंय?"

बायपासची चावी माझ्या खिशात होती. ती फिरवली की मशीन बघायचंच थांबवते आणि येईल तो पिस्टन हिरव्यात टाकते. लाइन दुरुस्तीला असेल तेव्हासाठी ठेवली होती.

"सर, ती कशाला?"

"टेबलावर सगळे चांगलेच पीस आहेत. हिरव्यात पडू दे. सही झाली की तुझी मशीन तू निवांत नीट कर."

"आणि त्यांनी खराब टाकला तर?"

"मग बघू."

"बघायचं काय सर? तो हिरव्यात पडेल."

"अरे, तुझ्याच भल्यासाठी सांगतोय! भंगारवाला गेटवर उभाय समज."

"समजतो. पण चावी नाही देणार."

"लई शिकलेला आहेस तू," ते म्हणाले. त्यातला टोमणा मला लागला. चावी मी खिशातच मुठीत धरली होती, तळव्याला तिचे दाते रुतत होते. तेवढ्यात मॅडम परत येताना दिसल्या.

मी मशीनकडे गेलो आणि दुसरं काही सुचेना म्हणून टोपाच्या तोंडातून दोन बोटं कशीबशी आत घातली. काचेवर काहीतरी खरखरीत लागलं. लाल दिव्याखाली बोट बघितलं तर काहीच दिसेना. बाहेर ट्यूबच्या उजेडात धरलं. बोटाचं टोक लालभडक, आणि त्याला तांदळाचा एक दाणा चिकटलेला.

सहज आत जाईल असा बारीक हात आमच्या कारखान्यात कुणाचा नाही.

"काय सापडलं?" मॅडमनी विचारलं.

"डस्ट, मॅडम," मॅनेजर साहेब माझ्या आधी बोलले. "सुट्टीमुळे थोडं..."

"कुंकू आहे," मी म्हणालो. "काल पूजा होती. माझ्या आईने लावलंय. हा डोळा आहे असं मीच तिला सांगितलं होतं."

ऑपरेटरने मान खाली घातली, त्याचे खांदे हलत होते. साहेबांनी डोळे मिटले. मी फडकं उचललं.

"पुसू नका," मॅडम म्हणाल्या.

त्यांनी बॅगेतून रुमालात गुंडाळलेला एक पिस्टन काढला. खाचेत बारीक चीर, तिच्यावर त्यांनी शाईची खूण केलेली. आंधळ्या मशीनने तो सोडला असता तर पुढे बोलण्यासारखं काही उरलं नसतं. त्यांनी स्वतः तो ठेवला. पिस्टन टोपाखाली गेला. लाल.

"आता पुसा."

मी टोप उघडून काच पुसली. चांगले सगळे हिरव्यात पडले. त्यांचा खुणेचा पिस्टन पुन्हा लालमध्ये.

"बघा मॅडम!" साहेबांना कंठ फुटला. "आंधळी होती तरी खराब माल सोडला नाही!"

"सोडला नाही, कबूल. पण चांगल्या मालालाही तिने खराब ठरवलं." मग त्या माझ्याकडे वळल्या. "तिला दिसत नव्हतं. मग 'दिसत नाही' असं का नाही सांगितलं तिने?"

"शंका आली की लाल, असा नियम आहे मॅडम. सुरक्षेसाठीच." माझा आवाज चढला होता. एवढं झाल्यावर ही बाई अजून काय मागते, असं वाटलं.

"काच अशीच मळत राहील, लाल क्रेट भरत राहील, आणि एक दिवस तुमच्याच इथलं कुणीतरी कंटाळून ती बंद करून टाकेल. तो काय तुम्हाला विचारणार आहे?"

डोळ्यांसमोर ट्रॉलीची उपटलेली वायर आली, आणि खिशात चावी होतीच.

त्यांनी मशीन पास केली, पण अटीवर. मळलेली काच मशीनला स्वतःला कळली पाहिजे. तोवर माणसांनीही दिव्याखाली तपासायचं. मी टोपात कोपऱ्यात काळ्या-पांढऱ्या चौकटींची एक छोटी पट्टी बसवली. प्रत्येक पिस्टनच्या आधी मशीन ती पट्टी बघते. पट्टी स्पष्ट दिसली नाही तर पिवळा दिवा लागतो आणि लाइन थांबते. माल ना हिरवा ना लाल. हा दिवा मला आधी सुचला नव्हता, हे मी आजही कुणी विचारलं तर सांगतो. विचारलं नाही तर नाही सांगत.

मॅडम येऊन गेल्या त्या संध्याकाळी गारखेड्याच्या माझ्या खोलीवर आई पोळ्या लाटत होती.

"झाली का पास?"

मी सगळं सांगितलं. लाटणं थांबलं.

"आगं बया! माझ्यापायी नापास व्हत होती व्हय?"

"डोळ्याला कुणी कुंकू लावतं का आई?"

"मंग कुठं लावू? दृष्ट डोळ्यालाच लागती. आन तिचं कपाळ तू केलंय कुठं?" तिने पोळी तव्यावर टाकली. "त्या पाव्हण्या बाईला तरी कुंकू लावलं का?"

"नाही."

"एवढ्या लांबून आली आन तशीच धाडली! शिकला म्हणं."

पुढच्या दसऱ्याच्या आत मी मशीनच्या टोपावर स्टीलची एक चकती बसवली. कुंकू लावायचं ते तिथंच, असं सगळ्यांना सांगितलं. आई ताट घेऊन आली, चकतीकडे बघितलं, टाचा उचलल्या, बोट पोचेना.

"हे कुणाच्या मापानं केलं?"

"माझ्या."

"लाव तुझ्या हातानं मंग."

ऑपरेटर पाना घेऊन आधीच उभा होता. आम्ही चकती काढून टोपाच्या बाजूला, आईच्या खांद्याच्या उंचीला बसवली. वरची, आधीच्या स्क्रूंची दोन भोकं अजून तशीच आहेत.