खबर देणारीचे नाव

फेब्रुवारी १९८४, मंगळवार, सकाळी दहा. पश्चिम उपनगरातल्या आमच्या पोलीस ठाण्यात हजर: ठाण्याचा इन्स्पेक्टर म्हणून मी, शिवाय ठाणे अंमलदार, दोन शिपाई आणि बाकावर बसलेली, शिवणकाम करून पोट भरणारी एक बाई. ती सकाळ अजून माझी पाठ सोडत नाही.

महिन्यापूर्वी मुलुंडला कारखान्याच्या गेटसभेत एका कामगार पुढाऱ्याचा खून झाला होता. समोरच्या अर्धवट इमारतीवरून, दुर्बीण लावलेल्या रायफलीतून, एकच गोळी. मारेकरी फरारी. सुपारी कोणाची, हे तो सापडल्याशिवाय कळणार नव्हते.

बाई म्हणाली, "चारकोपात माझ्या मागच्या खोलीत भाडेकरू आसा. पलंगाखाली लांब पेटी. विचारलंय तर म्हणता, पडद्याचे दांडे. खोलीक पडदो एक नाय! शिवून देव काय विचारलंय, तर माझ्यावर डोळे काढता."

मी उठलो. तशी ती घाईने म्हणाली, "सायबानू, माझा नाव खंय लिवू नकात. एकटी बाई मी."

खबर देणाऱ्याचे नाव नोंदवायचे नसते, हे नव्या शिपायालाही ठाऊक असते. पण वेळ, नाव, पत्ता घालून प्रत्येक गोष्ट लिहायची मला सवय, आणि तिचा अभिमानही. स्टेशन डायरीत मी तिच्या नावासकट सगळे लिहिले, तिला घरी पाठवले आणि माणसे जमवून दुपारी छापा घातला.

मागची खोली रिकामी होती. पुढच्या खोलीत बाई भिंतीला टेकून बसली होती. उजव्या हाताची बोटे ठेचलेली.

"लिवलात ना?" एवढेच ती म्हणाली.

परतल्यावर ठाणे अंमलदाराला समोर बसवले.

"डायरी कोणी पाहिली?"

"कोणी नाही, साहेब."

तिसऱ्यांदा विचारल्यावर तो चिडला. "वरच्या साहेबांचा फोन आला. आजच्या नोंदी वाच म्हणाले, वाचल्या. अक्षर तुमचंच होतं ना? मी काय मनाचं सांगितलं?"

कट आमच्याच खात्यापर्यंत पोचला होता. त्या साहेबांविरुद्ध अहवाल लिहायला हवा होता. बढतीची यादी निघायची होती. मी गप्प बसलो. मारेकरी कधीच सापडला नाही.

नोंदी चोख म्हणजे काम चोख, असे मी मानत असे. कोणती गोष्ट कागदावर आणायची नाही आणि कोणती आणायलाच हवी, ही दोन्ही ठिकाणे मी चुकलो.

बाई आता मुलुंडला बहिणीकडे राहते. दोनदा त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी जाऊन परतलो. माफी मागायची आहे. फोन कोणाचा होता, तेही तिला सांगायचे आहे.